शिबिराच्या सकाळी: नव्या सहकाऱ्यास पत्र

प्रिय नव्या सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह आणि हृदयविकाराच्या अभ्यासासाठी तू आता गावोगावच्या तपासणी शिबिरांना जाणार आहेस. विश्लेषण पुढे शिकशीलच, आधी सकाळचे तीन-चार तास सांभाळायला शीक. तेव्हा चुकलेलं माप नंतर कुठल्याही सांख्यिकीने सुधारत नाही.

सुरुवात निरोपापासून. ‘उपास करून या’ असं कधीच सांगू नकोस. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि वर चहा! ‘रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नको, चहासुद्धा नको’ असं सांग. माणूस आला की शेवटचं काय आणि किती वाजता पोटात गेलं ते विचारून लिही. आठ तास झाले नसतील तर दुसऱ्या दिवशी बोलाव. ग्लुकोज पाजून चाचणी करायची असेल तर आधीचे तीन दिवस रोजचं जेवण चालू हवं, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं. नवरात्रात कडक उपास करणाऱ्यांची चाचणी म्हणूनच पुढे ढकलावी. मशेरीचंही विचार. ती लावणं म्हणजे खाणं नव्हे, असं बायका धरून चालतात, पण तंबाखूने रक्तदाब चढतो. मशेरी लावून अर्धा तास तरी झालेला असू दे.

रक्तदाब घेताना पाच मिनिटं शांत बसव: पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा बांधलास तर आकडा वाढीव येतो, म्हणून दंडाचा घेर मोजूनच पट्टा निवड. तीनदा मोज, पहिला आकडा सोडून उरलेल्या दोनांची सरासरी धर. नोंदींत १२०, १३०, १४० असे शून्यावर संपणारेच आकडे दिसू लागले तर कोणीतरी अंदाजाने लिहितंय, हे ओळख.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती रक्ताच्या नळीत. रक्त काढल्यावरही त्यातल्या पेशी साखर वापरतच राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. राखाडी टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं म्हणून निर्धास्त राहू नकोस. ते साखर मोडण्याच्या साखळीतली बरीच पुढची पायरी अडवतं, त्यामुळे पहिला तास-दोन तास घट चालूच राहते. अशाने १३० ची साखर तासाभरात १२२ वर येऊ शकते, आणि १२६ ची (उपाशीपोटी मधुमेह ठरवण्याची) रेघ ओलांडलेला माणूस तुझ्या तक्त्यात मधुमेह नसलेला ठरतो. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट कर, लगेच बर्फ-पाण्यात ठेव आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना पातळ भाग, वेगळा काढ. रक्त काढल्याची आणि प्लाझ्मा वेगळा केल्याची, दोन्ही वेळा घड्याळ बघून लिही. शाळेत किंवा समाजमंदिरात शिबिर असेल तर विजेची सोय आदल्या दिवशीच पाहून ये. एचबीएवनसीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या चाचणीला, उपाशीपोटी असण्याची गरज नसते, मात्र लोहाच्या कमतरतेत तो आकडा खोटा वाढू शकतो. बायकांमध्ये हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नकोस.

कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध खूण कर आणि श्वास सहज सोडल्यावर मोज. निऱ्यांवरून टेप फिरवलीस तर दोन-चार सेंटिमीटर फुकटचे चढतात. मोजायला बाईच हवी आणि आडोसाही. हे माप आपल्यासाठी फार मोलाचं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. म्हणून आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा धरतात.

ग्लुकोज पाजण्याआधी बोटाच्या थेंबावर साखर बघ. मधुमेह आधीच ठाऊक असलेल्याला पाजूच नकोस. निर्जल ग्लुकोज ७५ ग्रॅम, मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेलं) असेल तर ८२.५, पाव लिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटापासून १२० मिनिटं मोज. मधल्या वेळात बिडी नाही, शेताकडे फेरी नाही. मळमळत असेल तर आडवं होऊ दे. उलटी झाली तर चाचणी रद्द कर.

रक्तदाब १८०/११० च्या वर दिसला तर नुसता नोंदीत लिहून पुढच्याला बोलावू नकोस. थोड्या वेळाने पुन्हा मोज आणि तसाच निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचव. अहवाल प्रत्येकाला त्याच्या हातात, मराठीत, समजावून दे. आणि शेवटचं रक्त काढून झालं की लगेच पोहे मिळतील अशी व्यवस्था ठेव, माणसं रात्रीपासून उपाशी असतात.