कॅम्पस प्लेसमेंटची वाट पाहावी की आतापासूनच बाहेर नोकरी शोधावी?

तुम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि कॉलेजात कंपन्या फारशा येत नाहीत, म्हणून हा प्रश्न पडलाय. माझं स्पष्ट मत: कॅम्पसला जी कंपनी येईल तिला बसा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

आयटीत जायची तयारी असेल तर टीसीएसची एनक्यूटी ही भरती परीक्षा कॉलेजमार्फत न जाताही देता येते. मात्र बऱ्याच आयटी कंपन्या दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के मागतात आणि बॅकलॉग (राहिलेला विषय) चालत नाही, ते आधी बघा.

मेकॅनिकलमध्येच राहायचं असेल तर चाकण, रांजणगाव, वाळूज अशा औद्योगिक भागांतल्या छोट्या व्हेंडर कंपन्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या, गाठा. त्यातल्या बहुतेक कॅम्पसला येतच नाहीत. तिथे लागलेल्या सीनियरला फोन करा, अजिबात संकोच नको. इंटरव्ह्यूत हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) देऊन रीडिंग घ्यायला सांगतात, समोर ड्रॉइंग ठेवून टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, विचारतात. इथे भले भले डिस्टिंक्शनवाले अडखळतात, म्हणून कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा हात बसवून घ्या. रिझ्युमेतही ‘टीम प्लेअर’ वगैरे लिहिण्यापेक्षा प्रोजेक्टमधला कोणता पार्ट तुम्ही स्वतः बनवला ते लिहा.

निकाल लागला की केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर अप्रेंटिसशिपसाठी नोंदणी करा. वर्षभर स्टायपेंड मिळतो, शेवटी सर्टिफिकेटही.

आणि नोकरीसाठी ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.