भिशीचे 60,000: ॲक्टिव्हा की डोळे?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगा 17 वर्षांचा, बारावीला. वर्षभरात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला म्हणून डॉक्टरांनी पेंटाकॅम स्कॅन (डोळ्याच्या पुढच्या पडद्याचा आकार आणि जाडी मोजणारी तपासणी) करवलं, तर उजव्या डोळ्यात केराटोकोनस, म्हणजे हा पडदा पातळ होत जाण्याचा आजार, निघाला. आता दर सहा महिन्यांनी तेच स्कॅन, दर वेळी 2,500 रुपये. आजार पुढे सरकताना दिसला तर क्रॉस-लिंकिंग, म्हणजे पडदा घट्ट करण्याचा उपचार, त्याचे एका डोळ्याचे 35,000. यजमान मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), पगार 38,000, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे. दिवाळीत भिशीचे 60,000 येतील, ते मुलाच्या ॲक्टिव्हासाठी ठरलेत. 1,20,000 ची एफडी मे महिन्यात पिकेल. दीर म्हणतात, आजाराचं न सांगता नवा मेडिक्लेम काढा, तोवर स्कॅन थांबवा, पुढचं सगळं विम्यातून होईल.

ताई, स्कॅन थांबवू नका. बाकी सगळं मागेपुढे करता येईल, हे नाही.

या आजारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होत जातो आणि पुढे शंकूसारखा फुगतो. निरोगी पडदा मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, जाड असतो. नेहमीच्या पद्धतीने क्रॉस-लिंकिंग करायला तो निदान 400 मायक्रॉन लागतो. या दोन आकड्यांमध्ये तुमच्या मुलाकडे किती जागा उरली आहे, ते चष्म्याच्या नंबरवरून कळत नाही, स्कॅनवरूनच कळतं. आणि वय जितकं कमी, तितका हा आजार वेगाने सरकतो. क्रॉस-लिंकिंगमध्ये रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरणं वापरून पडदा घट्ट करतात. त्याने आजार बहुतेक वेळा थांबतो, गेलेला आकार सहसा पूर्ण परत येत नाही. म्हणून उशिराची किंमत फक्त रुपयांत मोजता येत नाही. रुपयांतही ती मोठीच आहे: खास कडक किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या) लेन्स, त्या ठरावीक काळाने बदलणं, आणि फार पुढे गेलं तर या पडद्याचं प्रत्यारोपण.

आता दिरांचा सल्ला. त्यांना तुमची काळजी आहे, पण हिशेब चुकतो. आधीपासून असलेल्या आजारासाठी नव्या पॉलिसीत 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. मुलाची 17 ते 20 ही वर्षं तर या आजारात सगळ्यात धोक्याची. शिवाय सहामाही तपासण्या ओपीडीत मोडतात, साधी पॉलिसी त्यांचे पैसे देतच नाही. आणि लपवलंत तर? पहिला पेंटाकॅम तारखेसकट फाइलीत आहे. क्लेमच्या वेळी तो समोर आला की क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, म्हणजे घरातल्या इतरांचंही संरक्षण गेलं. घरासाठी स्वतंत्र पॉलिसी जरूर काढा, वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही नाही. पण अर्जात केराटोकोनस स्पष्ट लिहा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: यजमानांच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम. अशा बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. यजमानांना याच आठवड्यात ऑफिसात तीन गोष्टी विचारायला सांगा. मुलाचं नाव त्यात आहे का? जुन्या आजारांसाठी थांबण्याची अट माफ आहे का? क्रॉस-लिंकिंग डे-केअरमध्ये (रात्रभर दाखल न होता होणाऱ्या उपचारांत) धरतात का? उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा. नाव नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी घालून घ्या.

तरीही पैसे विम्याच्या भरवशावर ठेवू नका. भिशीच्या 60,000 मधले 40,000 मुलाच्या डोळ्यांच्या नावाने वेगळ्या बचत खात्यात टाका: 35,000 क्रॉस-लिंकिंगचे, 5,000 वर्षाच्या दोन स्कॅनचे. उरलेले 20,000 गाडीसाठी राहू द्या. ॲक्टिव्हा तशीही त्याला 18 पूर्ण होण्याआधी कायद्याने चालवता येत नाही, तेव्हा गाडी पुढे ढकलल्याने त्याचं फार काही अडत नाही. आणि हे त्याला समोर बसवून सांगा. पैसे कुठे चाललेत हे 17 वर्षांच्या मुलाला कळलं पाहिजे, कारण आजार वाढू नये म्हणून डोळे न चोळण्याचं पथ्य त्यालाच पाळायचंय. दिवाळीच्या आधीच क्रॉस-लिंकिंगची वेळ आली, तर एफडी मोडा. मुदतीआधी मोडण्याचा दंड बहुतेक बँकांत व्याजदरातला अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला फार तर हजार-बाराशे रुपये. एवढ्यासाठी मे महिन्याची वाट पाहू नका.

काटकसर दुसरीकडे करा. नंबर स्थिर होईपर्यंत महागडी फ्रेम आणि भारी काचा घेऊ नका. स्कॅन मात्र स्वस्तात मिळतंय म्हणून दुसरीकडे करू नका. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत, आणि तुम्ही 2,500 मोजता ते मागच्या आकड्याशी तुलना करण्यासाठीच. दर वेळी रंगीत प्रिंट मागून फाइलीत लावा. मुलगा कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर स्कॅनआधी किती दिवस काढून ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर आकडा चुकतो आणि पैसे वाया जातात. दोन-चार वर्षांत आजार स्थिरावला तर डॉक्टर स्वतःच स्कॅनमधलं अंतर वाढवतील, खर्चही निम्मा होईल.

धाकट्या मुलीचा उल्लेख आहे पत्रात. केराटोकोनस काही घरांत भावंडांमध्येही दिसतो. पुढच्या खेपेला तिलाही सोबत न्या आणि तिचंही एकदा स्कॅन करायचं का, ते डॉक्टरांना विचारा. ते 2,500 गाडीच्या 20,000 मधून काढा.