कंपनीची होडी वापरली, तर ते पेपरात सांगायचं का?

तुम्ही विचारलंय, गोव्यातल्या मांडवी नदीच्या गाळातल्या लोह-मँगनीजवरच्या पेपरसाठी खाण कंपनीनं नमुने काढायला होडी दिली, पैसे नाहीत, तर हितसंबंध जाहीर करायचे का. आणि जर्नल रिव्ह्यूअरची, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांची, नावं मागतंय, ती कोणाची द्यायची?

जाहीर करायचेच. होडी, डिझेल, तांडेल (होडी चालवणारा) ही वस्तुरूपातली मदतच. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा (आयसीएमजेई) फॉर्म पाहिलात तर त्याच कामासाठी मिळालेल्या मदतीला त्यात कालमर्यादाच नाही. इतर संबंधांसाठी मागचे ३६ महिने धरतात. तुमच्या जर्नलच्या लेखक-सूचना वेगळ्या असतील, त्या वाचा. गाइडनी त्या कंपनीला सल्ला दिला असेल तर तेही लिहा.

आभारात 'सहकार्याबद्दल ऋणी' म्हणून भागत नाही. हितसंबंधांच्या रकान्यात सरळ लिहा: 'नमुने घेण्यासाठी अमुक कंपनीनं होडी आणि तांडेल पुरवला. ठिकाणं आणि दिवस लेखकांनी ठरवले. विश्लेषण, लेखन आणि प्रकाशनाच्या निर्णयात कंपनीचा सहभाग नव्हता.' यातलं मधलं वाक्य खरं आहे ना, हे वही उघडून तपासा. होडी कंपनीच्या सवडीनं मिळाली असेल तर तसंच लिहा, कारण गोम तिथंच आहे. पावसात आग्वादच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचं तोंड वाहतुकीला बंद पडतं आणि बार्जेस (खनिज वाहणाऱ्या मोठ्या होड्या) कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत वळतात. म्हणजे ऑगस्टमधले मुखाजवळचे नमुने आणि एप्रिलमधले नमुने एकाच परिस्थितीतले नव्हेत. नमुन्यांच्या तारखा आणि त्या दिवसांतली बार्जेसची ये-जा एका तक्त्यात द्या. रिव्ह्यूअर तुमचे ब्लँक (नमुन्याशिवाय केलेल्या चाचण्या) बघेल, प्रमाणित नमुन्याची रिकव्हरी (त्यातलं ठाऊक प्रमाण तुमच्या मोजणीत किती आलं) बघेल. होडी कोणाची आणि दिवस कोणी निवडले, हे त्याला आकड्यांत कधीच दिसणार नाही. तुम्ही सांगितलंत तरच कळेल.

न सांगितलं की काय होतं? साखर उद्योगाच्या संस्थेनं पैसे दिलेला हृदयरोगावरचा एक आढावा १९६७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, पैशाचा उल्लेख न करता. जुन्या पत्रव्यवहारातून ते उघड व्हायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात वाचकांनी तो आढावा निःपक्ष समजूनच वाचला.

आता नावं. आपलं गोवें लहान. ताळगावच्या पठारावरचं विद्यापीठ आणि दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था यांच्यात थोडंच अंतर, आणि या विषयातले बरेच जण कधी ना कधी एकमेकांचे सहलेखक झालेले. मागच्या तीन वर्षांतले (काही जर्नलांत पाच) सहलेखक, त्याच संस्थेतले लोक, गाइडचे माजी विद्यार्थी, सगळे वगळा. खाणीच्या गाळाचं काम जगात इतरत्रही चालतं: स्पेनमधल्या टिंटो-ओडिएल नद्यांच्या मुखावर, किंवा ब्राझीलच्या रिओ दोसे नदीच्या खोऱ्यात, जिथं २०१५ मध्ये लोहखनिजाच्या गाळाचं धरण फुटलं. तुमच्याच संदर्भयादीत असे लोक सापडतील. पत्ता संस्थेच्या ईमेलचा द्या, जीमेलचा नको. लेखकांच्या बाजूनं सुचवलेल्या बनावट पत्त्यांवरून खोटे रिव्ह्यू आल्याच्या घटनांनंतर संपादक फार सावध झालेत. 'ट्यूमर बायॉलॉजी'चे १०७ पेपर २०१७ मध्ये याच कारणानं मागे घेतले गेले.

पेपर आधीच पाठवला असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. संपादकांना आजच दोन ओळी लिहा आणि वरचा मजकूर जोडा. प्रूफ येण्याआधी तो सहज घालता येतो. छापून झाल्यावर त्याचीच शुद्धिपत्रिका काढावी लागते.