स्टिअरिंग मधूनच जड होतं? कॉलम बदलायच्या आधी अर्थिंग बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, १,१८,००० किलोमीटर झालेली, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग (ईपीएस), म्हणजे चाक वळवायला मोटर मदत करते. जळगावात अजिंठा चौफुलीला सिग्नलवर उभं राहिलं की कधीमधी स्टिअरिंग एकदम दगड होतं, डॅशबोर्डवर पिवळा ईपीएसचा दिवा लागतो, गाडी बंद करून परत चालू केली की जसं काही झालंच नव्हतं. सकाळी कधीच नाही, दुपारीच. मिस्तरींनी स्कॅनर लावला, त्यात काही निघालं नाही, आणि आता ते म्हणतात अख्खा कॉलम, म्हणजे चाकाखालचा दांडा, बदला. बदलू का, असं तुम्ही विचारताय.

इतक्यात नको.

मोटर जळली असती तर ती सकाळीही जळलेलीच राहिली असती. तुमचं स्टिअरिंग चावी फिरवली की सुधारतं, म्हणजे कंट्रोल युनिटला चालू गाडीत काहीतरी खटकतं आणि ते स्वतःहून मदत बंद करतं. चावी फिरवल्यावर ते पुन्हा सगळं तपासतं, तेव्हा सगळं ठीक दिसतं, म्हणून परत कामाला लागतं. आता त्याला काय खटकतं, एवढंच शोधायचंय. आणि तुम्ही निम्मं उत्तर स्वतःच लिहिलंय: दुपारी, आणि सिग्नलवर.

सिग्नलवर इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, तेव्हा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) कमीत कमी करंट देतोय. आपल्याकडची दुपार, म्हणजे एसी चालू, ब्लोअर चारवर, रेडिएटरचा पंखा सारखा फिरतोय. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका, आणि अल्टरनेटर तापला की आणखी कमी देतो. अशात तुम्ही उभ्या गाडीचं चाक वळवता. तेव्हा स्टिअरिंगची मोटर ३०-४० अँपिअर, कधी त्याहून जास्त ओढते. तुमचे दोन्ही हेडलाइट मिळून ९-१० अँपिअर खातात, त्यावरून अंदाज करा. एवढा करंट एखाद्या गंजलेल्या जोडातून जायला लागला की पलीकडे व्होल्टेज पडतं आणि युनिट हात वर करतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आधीच्या गाडीने मला याच दुखण्यात जवळपास दीड वर्ष नाचवलं. पारोळ्याजवळ म्हैस आडवी आली, पुढचा भाग चेपला, डेंटिंग-पेंटिंग झालं, गाडी नव्यासारखी दिसायला लागली. दोन महिन्यांनी स्टिअरिंग मधूनच जड व्हायला लागलं. मी बॅटरी बदलली. फरक नाही. अल्टरनेटर खोलून ब्रश बदलले. पंधरा दिवस बरं वाटलं, पण तेव्हा थंडी होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एकदा चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, मागे आई बसलेली, एका वळणावर ऐन वेळी चाक घट्ट झालं. गाडी वळली, पण मी घामाघूम झालो.

शेवटी धुळ्यातल्या एका जुन्या वायरमनकडे गेलो. त्याने ना स्कॅनर काढला, ना काही खोललं. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर मल्टीमीटरची एक पिन, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडावर, आणि मला म्हणाला, इंजिन चालू ठेवून चाक इकडून तिकडे फिरवा. चाक सरळ होतं तेव्हा मीटरवर जवळजवळ शून्य. फिरवलं की ०.९ व्होल्ट. सोडलं की परत शून्य. दोन्ही ठिकाणं निगेटिव्हच, त्यांच्यात पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. तो हसला आणि म्हणाला, ‘गाडी नाटक करी राहिनी भाऊ.’ बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी जिथे बसते तिथला बोल्ट त्याने १० नंबरच्या पान्याने खोलला. खाली चकचकीत रंग! पेंटरने अर्थिंगची जागा न झाकता रंग मारला होता आणि त्यावरच पट्टी कसली होती. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम करंट जात होता, बाकी सगळा रंगाने अडवलेला. पॉलिश पेपरने घासून लोखंड पांढरं केलं, पट्टी कसली, वरून थोडं व्हॅसलीन. पाऊण तासाचं काम, त्यातला निम्मा वेळ चहात गेला. मजुरी २०० रुपये. त्याआधी मी बॅटरी-अल्टरनेटरवर किती घातले, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा तुम्ही आधी हेच करा. बरा डिजिटल मल्टीमीटर घ्या. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीवर १२.५ च्या आसपास दिसायला हवं. चालू केल्यावर १३.८ ते १४.५. हे दोन आकडे ठीक आले तरी खूश होऊ नका, तुमचा आजार दुपारचा आहे. गाडी अर्धा-पाऊण तास फिरवून, एसी-ब्लोअर-हेडलाइट सगळं चालू ठेवून, आयडलला चाक फिरवत बॅटरीवरचा आकडा परत घ्या, आणि वायरमनसारखा निगेटिव्ह खांब ते बॉडीचाही. शेवटच्या टोकाला चाक दाबून धरू नका, चार-पाच सेकंद पुरे. व्होल्टेज बॅटरीवरच १२ च्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा बॅटरी. बॅटरीवर व्यवस्थित आहे पण निगेटिव्ह खांब ते बॉडी ०.२ पेक्षा जास्त दिसतंय, तर अर्थिंग. इंजिनकडे जाणारी पट्टीही तशीच तपासा. आणि टर्मिनल हाताने पिळून बघा. हलतंय? मग पुढचं काहीच करू नका, आधी तेच.

आणखी एक स्वस्तातली युक्ती. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो. तो लावून ठेवा. स्टिअरिंग जड झालं त्या क्षणी आकडा काय होता हे शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. सॉकेटच्या वायरीत थोडं व्होल्टेज आधीच गेलेलं असतं, म्हणून नेमक्या आकड्यावर जाऊ नका, तो एकदम कोसळतो का एवढं बघा. आकडा १४ वर ठाम आणि तरी दिवा लागला, तर माझा तर्क तुमच्या गाडीपुरता चुकला, पुढे चला.

पुढे म्हणजे कपलर, वायरी जोडणारे प्लग. ड्रायव्हरच्या पायाच्या वर, कॉलमपाशी कंट्रोल युनिट असतं, त्यात एक जाड वायरींचा कपलर आणि एक-दोन बारीक. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून पाच-दहा मिनिटं थांबा, कारण तिथे एअरबॅगच्या वायरीही असू शकतात, पिवळ्या कपलरला हातसुद्धा लावू नका. स्टिअरिंगचे कपलर काढून पिना बघा: हिरवट, काळपट, पसरलेल्या? कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत बसवा. टिचकीचा आवाज आला पाहिजे. उंदरांचंही बघा, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. कापसाच्या दिवसांत गाडी गोदामाशेजारी किंवा केळीच्या बागेत उभी राहत असेल तर वायर कुरतडलेली सापडणं यात नवल काही नाही. अर्धवट तुटलेली तार नेमकी असंच मधूनमधून वागते.

दिवा लागतो त्याच वेळी स्पीडोमीटरचा काटाही पडतो का? पडत असेल तर स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर बघा, कारण किती मदत द्यायची हे युनिट वेगावरून ठरवतं. इंजिनचे आरपीएम मिळाले नाहीत तरी त्याला वाटतं गाडी बंदच आहे.

एक गोष्ट वेगळी ओळखायची. गल्लीत चार-पाच वेळा मागे-पुढे करून गाडी लावताना चाक हळूहळू जड होत गेलं, दिवा लागला नाही आणि थोड्या वेळाने आपोआप हलकं झालं, तर तो बहुतेक बिघाड नाही. मोटर तापली की युनिट तिला जपतं. आणि दिवा न लागता अर्ध्या-अर्ध्या फेरीला एकाच जागी चाक अडकल्यासारखं वाटत असेल, तर कॉलमच्या खालचा क्रॉस, म्हणजे दांड्याचा वळणारा सांधा, गंजलाय. पुढची चाकं जॅकवर घेऊन, इंजिन बंद ठेवून फिरवलं की लगेच कळतं. तुमच्याकडे दिवा लागतोय, म्हणून त्यात वेळ घालवू नका. ज्यांची गाडी ऑइलवाल्या पॉवर स्टिअरिंगची आहे त्यांनी बेल्ट आणि ऑइलची पातळी बघावी, बाकी हे सगळं त्यांच्या कामाचं नाही.

स्कॅनरचं. मोबाइलला जोडायचे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक फक्त इंजिन वाचतात, स्टिअरिंगच्या युनिटपर्यंत पोचतच नाहीत. ‘काही निघालं नाही’ म्हणजे तिथे काही नव्हतं की विचारलंच नाही, हे मिस्तरींना स्पष्ट विचारा. स्टिअरिंगचं युनिट वाचणारा स्कॅनर लावून जुने साठलेले कोडही (युनिटने नोंदवलेले बिघाडाचे नंबर) बघायला सांगा, आणि ते लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका. बॅटरी काढायच्या आधी हे केलं तर उत्तम, काही गाड्यांत बॅटरी काढली की नोंदीही जातात.

व्होल्टेज, अर्थिंग, कपलर सगळं स्वच्छ निघालं आणि कोड टॉर्क सेन्सरचा (चाकावर तुम्ही किती जोर लावताय ते मोजणारा) आला, तर मात्र मिस्तरी बरोबर असतील. तो सेन्सर बऱ्याच गाड्यांत कॉलममध्येच असतो. युनिटच्या आतला एखादा सोल्डरचा टाका तापल्यावर सुटतो, असंही होतं. तेवढं युनिट दुरुस्त करणारे नाशिक-पुण्याकडे मिळतात. भंगारातला कॉलम घेणार असाल तर पार्ट नंबर जुळवा आणि बसवल्यावर सेन्सरचं कॅलिब्रेशन करून घ्या, नाहीतर चाक एका बाजूला स्वतःच ओढायला लागेल. तसं आत्ताही होत असेल, म्हणजे हात न लावता चाक सरकत असेल, तर गाडी बाहेर काढूच नका.

तोवर घाटात जाऊ नका, आणि घरातल्या ज्यांना ताकद कमी पडेल त्यांना चालवायला देऊ नका. पॉवर गेली तरी चाक गाडीला जोडलेलंच असतं, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी धरा, हळू करा, कडेला घ्या, आणि मगच चावी फिरवा. चालत्या गाडीत चावी बंद केली तर ब्रेकची मदत जाते, स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. तुम्ही सिग्नलवर उभे असता म्हणून आतापर्यंत निभावलं.

गाडीचं कधी पेंटिंग झालंय का, बॅटरी किती जुनी आहे, आणि दुपारचे ते तीन आकडे (बॅटरीवरचा, बॉडीचा, इंजिनचा) कळवा. रविवारी मी धरणगावला येतोय, मल्टीमीटर गाडीतच असतो.