फ्रान्सच्या कच्च्या वाटांवर सायकल: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात फ्रान्समधल्या ग्रॅव्हल सायकलिंगबद्दल, म्हणजे कच्च्या, खडीच्या वाटांवर सायकल चालवण्याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आलेत की नेहमीचे विषय या वेळी बाजूला ठेवले. बरेचसे प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत.

प्रश्न: आम्ही दोघं नवरा-बायको, पन्नाशीच्या पुढचे, रोज सायकल चालवतो पण रेसवाले नाही. दोन आठवड्यांत जंगल, पाणथळ आणि नदीकाठ असं तिन्ही बघायचंय. कुठून सुरुवात करू?

सगळे आधी नकाशावर अंतर मोजतात, चढ किती ते बघतात, आणि खाली माती कुठली आहे हे कोणी विचारतच नाही. खाली दिलेल्या भागांत चढ जवळजवळ नाहीतच, तुमचा वेग ठरवणार ती माती. म्हणून माती आणि महिना बघून रूट ठरवा.

पश्चिमेला निओर शहराजवळ मारे प्वातव्हँ म्हणून मोठा पाणथळ प्रदेश आहे, दक्षिणेकडच्या कामार्ग पाणथळीनंतर फ्रान्समधला सगळ्यात मोठा. मध्ययुगात इथल्या मठांनी कालवे खणून जमीन बाहेर काढली, त्यातला पाच मठांनी मिळून खणलेला कालवा तर थेट 1217 सालचा. कुलों आणि आर्से या गावांच्या आजूबाजूला अरुंद कालवे, दोन्ही काठांना डोकं छाटलेली अॅशची झाडं, पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक पाणवनस्पतीचा हिरवा थर पसरलेला, आणि मधून वाट. मे-जूनमध्ये स्वर्ग आहे. पण खाली निळसर राखाडी चिकणमाती आहे आणि पाऊस पडला की ती चाक आणि फ्रेमच्या मधे अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं, मग काडी घ्या आणि उकरत बसा, शंभर मीटर गेलात की परत तेच. हिवाळ्यात तर या भागात पाणी पसरू देतात, ते तसंच ठरवलेलं आहे, त्यामुळे कित्येक वाटा पाण्याखाली असतात. नोव्हेंबर ते मार्च इकडे कच्च्या वाटेचा विचारसुद्धा करू नका.

नदीकाठासाठी ल्वार नदी घ्या. नदीच्या बाजूने जाणारा खुणा केलेला मार्ग जवळजवळ 900 किलोमीटरचा आहे, त्यात डांबरही आहे आणि दाबून बसवलेली बारीक खडीही, ती पावसातसुद्धा बऱ्यापैकी टिकते. सगळा करायचा हट्ट नको, तूर ते आँजे एवढा तुकडा पुरे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लोक समुद्राच्या दिशेने जातात कारण शेवटी समुद्र दिसणार, पण तिकडे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. आँजेहून तूरकडे आलात तर वारा पाठीवर. फोटोत काही फरक पडत नाही, गुडघ्यांना पडतो.

जंगलासाठी ओर्लिआँचं सरकारी जंगल, साधारण 35,000 हेक्टर. माती वाळू आणि चिकणमाती मिसळलेली, म्हणजे दोन-तीन दिवस ऊन पडलं की मस्त. इथल्या वाटा सरळ रेषेत कापलेल्या आहेत आणि मधेमधे सहा-आठ वाटा एकाच गोल चौकात येतात, सगळ्या हुबेहूब सारख्या, तेव्हा चौकातल्या खांबावरचं नाव वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. याच जंगलात 1980च्या दशकात ऑस्प्रे हा मासेमार शिकारी पक्षी परत घरटी करायला लागला, दुर्बीण असेल तर घ्या.

क्रम विचाराल तर आधी ओर्लिआँ, मग ट्रेनने आँजेला जाऊन उलटं तूरपर्यंत, आणि शेवटचे चार दिवस निओरला. सामानासकट रोज पन्नास किलोमीटर भरपूर झाले.

प्रश्न: माझ्याकडे 35 एमएमचे टायर आहेत, चालतील का? का नवीन घेऊ? (कॉलेजात आहे, बजेट कमी)

नदीकाठ आणि कालव्याकाठ एवढंच करणार असशील तर चालतील, पैसे वाचव. जंगल किंवा पाणथळ असेल तर 42 ते 45 घे, पण घेण्याआधी फ्रेममध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते का ते बघ, नाहीतर वर सांगितलेली चिकणमाती तुला घरी पाठवेल. ट्यूबलेस असेल आणि तुझं वजन पासष्ट-सत्तरच्या आसपास असेल तर प्रेशर दोन बारच्या जवळ ठेव. बोर्दोच्या दक्षिणेला लाँदचं पाइन जंगल आहे, तिकडे मऊ वाळू आहे, तिथे कुठलाही टायर रुततो, तो भाग पक्क्या सायकल ट्रॅकवरूनच कर. आणि दक्षिणेकडे उन्हाळ्यात आगीचा धोका वाढला की जंगलं सरळ बंद करतात, आदल्या दिवशी चेक करायचं.

प्रश्न: नकाशावर वाट दिसते पण तिथे गेल्यावर साखळी लावलेली किंवा पाटी. आत जायचं का? आणि शिकारीचं काय ऐकतोय ते खरं आहे का?

दोन्ही प्रश्न खरंतर एकच आहेत, जागा कोणाची. फ्रान्समधलं साधारण तीन चतुर्थांश जंगल खाजगी मालकीचं आहे. गावाच्या मालकीची ग्रामीण वाट असेल तर ती सगळ्यांना खुली असते, सरकारी जंगलातल्या वाटाही बहुतेक खुल्या असतात, पण खाजगी जागा आहे अशी पाटी किंवा खूण असेल तर आत शिरू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये एक कायदा आला. तो मुळात ल्वारच्या दक्षिणेकडच्या सोलोन्यसारख्या भागात जंगलाला घातलेल्या उंच जाळ्यांच्या विरुद्ध होता, कारण जनावरांना इकडून तिकडे जाता येत नव्हतं. त्यात जाळ्यांवर बंधनं आली, पण त्याच कायद्याने खाजगी मालकी दाखवलेल्या जंगलात किंवा शेतात शिरणं दंडपात्र झालं, 135 युरो. म्हणजे जाळी काढली की जागा मोकळी झाली असं काही नाही. अॅपमधली रेघ कोणीतरी कधीतरी तिथून गेला एवढंच सांगते. आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचा 1:25,000 चा नकाशा शेजारी उघडून ठेवा, बराच फरक कळतो.

शिकारीचं ऐकलंत ते खरंच आहे. सीझन साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, नेमक्या तारखा प्रत्येक जिल्ह्यात प्रशासन ठरवतं. रानडुक्कर आणि हरणांची हाका घालून शिकार चालू असते तेव्हा रस्त्याकडेला 'शास आँ कूर' (शिकार चालू आहे) असा बोर्ड लावतात आणि शिकारी केशरी जॅकेट घालतात. बोर्ड दिसला की वळून दुसरी वाट घ्यायची, तिथे शौर्य दाखवायचं नाही. तुम्हीही केशरी किंवा पिवळं काहीतरी घाला, काळी जर्सी जंगलात मूर्खपणा आहे. रविवारी शिकारीला जास्त लोक निघतात, म्हणून माझं मत असं की त्या महिन्यांत रविवार नदीकाठी काढावा आणि जंगल आठवड्याच्या मधल्या दिवसांत करावं. शिकाऱ्यांना थांबून 'बोंजूर' म्हटलं तर पुढची कुठली वाट मोकळी आहे ते स्वतःहून सांगतात.

प्रश्न: छोट्या गावांत खाण्यापिण्याची सोय असते ना?

असते, पण तिच्या वेळेला. दुपारी बारा ते दोन रेस्टॉरंट जेवण देतं आणि नंतर किचन बंद, अडीचला पोचलात तर कॉफी मिळेल. किराणा दुकानं नेमकी बारा ते दोन-अडीच बंद. रविवारी दुपारनंतर शुकशुकाट, आणि सोमवारी पुष्कळ बेकऱ्या सुट्टीवर. काही गावांत ब्रेडचं मशीन असतं, नाणं टाका की ताजी बगेत, म्हणजे लांबट ब्रेड, खाली येते, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सकाळी निघतानाच दुपारचं चीज-ब्रेड बॅगेत टाकायचं.

पाण्याची तिथल्या सायकलवाल्यांची युक्ती म्हणजे कब्रस्तान. जवळजवळ प्रत्येक गावाच्या कब्रस्तानात फुलांना घालायला नळ असतो, बाजूला झाऱ्या टांगलेल्या असतात. नळावर 'नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं नाही, फक्त डोकं भिजवा. काहीच लिहिलेलं नसेल तर गावात विचारून घ्या. आणि आत सायकल ढकलत न्या, आवाज कमी.

प्रश्न: ट्रेनमध्ये सायकल?

प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल तशीच चढवता येते, बहुतेक ठिकाणी फुकट, पण ल्वारच्या बाजूला उन्हाळ्यात काही गाड्यांना सायकलचं रिझर्व्हेशन लागतं. टीजीव्हीत, म्हणजे वेगवान लांब पल्ल्याच्या ट्रेनमध्ये, मात्र मोजक्याच गाड्यांत उघड्या सायकलची जागा असते आणि ती लवकर संपते, नाहीतर चाकं काढून पिशवीत. चढताना पॅनिअर (सायकलला लावलेल्या सामानाच्या पिशव्या) आधीच काढून हातात घ्या, डब्याच्या पायऱ्या उंच असतात.

प्रश्न: गवतातून गेल्यावर गोचीड चावतात असं वाचलं, घाबरायचं कारण आहे?

घाबरायचं नाही, पण रोज संध्याकाळी बघायचंच. लाइम नावाचा आजार यांच्यामुळे होतो आणि फ्रान्समध्ये तो आहे. गुडघ्यामागे, जांघेत, सॉक्सच्या वर, काखेत, पट्ट्याखाली तपासा, तिळाएवढं काळं काहीतरी चिकटलेलं असतं आणि बारके तर खसखशीएवढे. हिरव्या क्रॉसच्या फार्मसीत गोचीड काढायचा छोटा प्लास्टिकचा आकडा मिळतो, तो कातडीलगत सरकवून हळूहळू फिरवत काढायचा. तेल, दारू, काडी पेटवून चटका असले आजीचे उपाय नकोत. काढल्यावर तारीख लिहून ठेवा, महिनाभरात तिथे पसरत जाणारा लाल गोल दिसला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर.

प्रश्न: कानात इअरफोन चालतात का, एकाच कानात?

नाही. 2015 पासून बंदी आहे, एका कानातसुद्धा, 135 युरो दंड. हेल्मेटची सक्ती फक्त बारा वर्षांखालच्या मुलांना आहे, पण घाला की. घंटी सक्तीची आहे. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चकाकणारं जॅकेटही.

प्रश्न: दिवसभर चालवून झाल्यावर ल्वारमध्ये पोहता येईल का? फोटोत वाळूचे किनारे इतके छान दिसतात.

नका. ती वाळूच घात करते, पाण्याखाली सरकत असते, गुडघाभर पाण्यात उभे असता आणि पुढच्या पावलाला तळ नाही, शिवाय प्रवाह वरून दिसतो त्यापेक्षा जोरात असतो. बऱ्याच ठिकाणी पोहायला सरळ बंदी आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात त्याच वाळूच्या बेटांवर सुरय पक्षी अंडी घालतात, त्यामुळे काही बेटांवर पाय ठेवायलाही मनाई असते. पोहायचंच असेल तर 'बॅन्याद सुर्वेये' (देखरेखीखाली पोहण्याची जागा) असा बोर्ड असलेला तलाव शोधा, तिथे जीवरक्षक असतो, किंवा गावाच्या कॅम्पिंगला उतरा जिथे शेजारी नगरपालिकेचा स्विमिंग पूल असेल. स्विमिंग पूलमध्ये बर्म्युडा, म्हणजे सैल हाफपँट, चालत नाही बरं का, पुरुषांना अंगाला बसणारी छोटी स्विमिंग ट्रंकच लागते, ती घरूनच बॅगेत टाका.