संग्रहालयाच्या नियतकालिकातला पेपर मागे घेऊ नका

ताई, गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांतल्या (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतलावांतल्या) माशांची तुमची यादी एका संग्रहालयाच्या नियतकालिकानं स्वीकारली आणि आता 'त्याला इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांना इतरांच्या लेखांत सरासरी किती संदर्भ मिळाले तो आकडा) नाही, मागे घ्या' असा कॉलेजातून दबाव आहे, हे वाचून रात्रभर चैन पडली नाही. मी नेमकं हेच केलं होतं.

चार पावसाळे भंडाऱ्याच्या बोड्यांतले (लहान तळ्यांतले) आणि तलावांतले शंख-शिंपले गोळा केले. पेपर स्वीकारला गेला. तेवढ्यात एका कार्यालयातून कळलं, 'हे मान्य नियतकालिकांच्या यादीत नाही, पदोन्नतीला गुण मिळणार नाहीत.' तोंडीच सांगितलं, लेखी मागायचं मला सुचलं नाही. पेपर मागे घेतला, पैसे भरून दुसरीकडे दिला, तीन आठवड्यांत छापून आला. दोन वर्षांनी त्याच कार्यालयानं सांगितलं की ते नियतकालिकही यादीतून गेलं. मग त्याची वेबसाइटच बंद पडली. पुढे एका संशोधकाचा फोन आला, त्यांना माझ्या नोंदी हव्या होत्या. पीडीएफ पाठवली, तर म्हणाले, 'संदर्भ कुठला देऊ?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार पावसाळे गेले ते गेलेच.

इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतल्या लेखांवर मोजतात. वर्गीकरणाचं, म्हणजे जाती ओळखून त्यांना नाव देण्याचं, काम असं दोन वर्षांत पिकत नाही. कोलकात्याचं 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम' १९०७ साली सुरू झालं, त्यातले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांचे माशांवरचे लेख लोक आजही काढून वाचतात. शिवाय मरळीचं शास्त्रीय नाव लिहिताना आपण पुढे 'हॅमिल्टन, १८२२', म्हणजे ते नाव देणारा आणि साल, लिहितो, पण शेवटच्या संदर्भसूचीत त्याचं मूळ पुस्तक बहुतेक जण घेत नाहीत. मग ते मोजलं जाणार कसं? संदर्भ कमी म्हणजे काम हलकं, हे मला अजिबात मान्य नाही.

अर्थात तुमच्या विद्यापीठाचे आजचे नियम मी पाहिलेले नाहीत, आणि नोकरी तुमची आहे. पण निदान 'मागे घ्या' हे लेखी मागा. तोंडी सांगणारे बरेचदा तिथेच गप्प होतात.

नमुने संग्रहालयात जमा करून नोंदणी क्रमांक पेपरात आले आहेत ना, तेही बघा. मासेमारी करणारी ढिवर मंडळी त्या माशाला काय म्हणतात ते आणि तलावाचं गावातलं नाव, दोन्ही टाका. आणि बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.