लौकी जास्त झाली की

नागपूर, एप्रिलअखेर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

सकाळी कचरागाडी आली आणि शेजारच्यांच्या ओल्या कचऱ्यात तू दिलेलीच लौकी (दुधी भोपळा) दिसली, हे तू हसण्यावारी नेऊन लिहिलंस, पण तुला लागलंय ते कळलं. त्या वहिनींवर रागावू नकोस. लौकी हातभर होती आणि आदल्या आठवड्यात तशाच दोन देऊन झाल्या होत्या, हे तूच पुढे लिहिलं आहेस. नवराबायको दोघांचं घर त्यांचं. त्यांनी तिचं करायचं काय होतं? खरं सांगू का, तुझ्या घरातली अडचण तू त्यांच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलीस.

एक लक्षात घे. तुझ्या मांडवावर लौक्या लोंबायला लागतात तेव्हा कॉटन मार्केटातही लौकीचेच ढीग लागलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांनीच बी टोचलेलं असतं, मग सगळ्यांचंच एकदम निघतं. तुझ्याकडे जे उतू जातंय ते या दिवसांत ठेल्यावरही स्वस्तच असतं. उन्हाळ्यात बायांना खरी चणचण असते ती सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची, पुदिन्याची, लिंबांची. मे महिन्यात बाजारातून आणलेला सांबार घरी पोहोचेस्तोवर मान टाकतो, आणि भाव तर विचारूच नको. तुझ्या हिरव्या नेटखाली एक वाफा सावलीत आहे ना, त्यात धने जरासे रगडून थोडे थोडे पेरत राहा. लौकी देशील तर वीतभराचीच दे, आणि सोबत चार काड्या सांबार, एक डहाळी गोडलिंब (कढीपत्ता). घेणाऱ्याचा चेहरा बघ मग.

कोवळं देण्यात तुझाही फायदा आहे. बी पक्कं झालं की वेलाला वाटतं आपलं काम संपलं, आणि तो नवीन फळ धरायला कुचराई करतो. म्हणून भेंडी दिवसाआड तोडायचीच, घरात लागो न लागो. फूल उमलल्यापासून पाचसहा दिवसांत ती तोडण्याजोगी होते, आणखी चार दिवस थांबलास तर शेंडा मोडत नाही, नुसता वाकतो. अशी भेंडी कोणाच्या दारात नेऊ नये. लौकीला नख लावून बघ, अलगद रुतलं पाहिजे. दोडक्याच्या शिरा कडक व्हायच्या आत काढ. बरबटीच्या (चवळीच्या) शेंगेत दाणे फुगलेले दिसले तर ती आपल्या घरी उसळीला ठेवायची. (मार्चमध्ये लौकीची बारकी फळं पिवळी पडून गळतात म्हणून रडत होतास, आठवतं? संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायला शिकवलं, त्याचं हे फळ. आता भोग!)

आता जे सांगते ते नीट वाच, बाकीचं विसरलास तरी चालेल. लौकी, दोडका, गिलकं (घोसाळं), काकडी ही एकाच कुळातली. या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाचं कडू द्रव्य असतं. आपण लावतो त्या वाणांत ते नसल्यासारखंच, पण पाण्याची ओढाताण झाली, ऊन फार तापलं किंवा घरच्या बियाण्यात कुठून कडू वाणाचा संकर शिरला, तर ते वाढतं. वरून फळ तसंच हिरवंगार, तुकतुकीत. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. कडू लौकीचा रस प्यायल्याने पोटात कळा, उलट्या, रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाब एकदम खाली गेल्याची प्रकरणं आपल्या देशात झाली आहेत, माणसं दगावलीही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी यावर अभ्यास केला होता, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सांगणं साधं आहे: रस काढण्याआधी लौकीची एक चकती चाखा, कडू लागली तर टाकून द्या.

आणि सकाळी फिरून आल्यावर लौकीचा रस पिणारे एक तरी काका प्रत्येक ले-आउटात असतात. तेव्हा देण्याआधी त्या वेलाचं एक फळ तू स्वतः कापून चाखायचं. जिभेवर किंचितही कडू आलं तर थुंकून टाक, आणि त्या वेलाचं एकही फळ कोणाला जाता कामा नये. चांगलं लागलं तरी देताना सांगायचं, ‘काकू, चिरताना फोड चाखून बघा.’ यात संकोच कसला? सगळी फळं तर तू कापून बघू शकत नाहीस. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नको.

फवारणीचंही तसंच. मावा किडीसाठी तू निंबोळी अर्कच मारतोस हे मला ठाऊक आहे, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीचा. तेवढं ठीक. कोणी दुकानातली बाटली हातात दिली असेल तर तिच्यावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत वाटप बंद.

वेळेचं सांगते. तू रविवारी सकाळी अकराला भाजी घेऊन फिरतोस. तोवर ठेलेवाला गल्लीतून जाऊन आलेला असतो, भाजी घेतलेली असते, बहुतेक घरी कुकरच्या शिट्याही झालेल्या असतात. शिवाय त्या उन्हात चार घरं फिरेस्तोवर भेंडी मलूल. मिहानहून, कामावरून आलास की संध्याकाळी सातच्या सुमारास, ऊन उतरल्यावर तोड. लौकीला दोन बोटं देठ ठेवून कात्रीने काप, पिळून तोडू नको, वेल दुखावतो. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून त्याच वेळी नेऊन दे, म्हणजे उद्याच्या डब्याची भाजी त्यांची ठरून जाते.

स्टीलच्या डब्यात किंवा ताटलीत मात्र देऊ नको. आपल्याकडे भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. तू दोन दोडके दिलेस की त्या बिचाऱ्या वहिनी चिवडा करायला बसतात, नाहीतर भांडं आठवडाभर ओट्यावर पडून राहतं आणि त्यांना तुझ्यासमोर यायला लाज वाटते. कागदात गुंडाळ. पळसाच्या पानाचा द्रोण मिळाला तर फारच छान, बारीक मिरच्या आणि गोडलिंब त्यात शोभून दिसतात. परतफेडीचा प्रश्नच ठेवू नको.

द्यायचं कोणाला, हे तू विचारलंस. आधी घरं ओळख. तुझ्या समोरचं कुटुंब जैन आहे म्हणालास, तर मुळा, गाजर, बटाटा त्यांच्याकडे नाही आणि अष्टमी-चतुर्दशीला पुष्कळ जैन घरांत हिरवी भाजी नसते. कॅलेंडर बघून जा. कोणाची किडनी अधू असेल तर टोमॅटो, पालक त्यांना बहुधा जपूनच खायला सांगितलेलं असतं. वरच्या मजल्यावरची कॉलेजची मुलं मेसमध्ये जेवतात, त्यांना दोडका देऊन काय होणार? काकडी दे, मीठ-तिखट लावून खातील. मे महिन्यात अर्धा ले-आउट कुलूप लावून गावाला गेलेला असतो, तेव्हा उरलेल्यांवर मारा होणार नाही याची काळजी घे.

आणि कामाच्या मावशी. हे मी जरा कडक शब्दांत लिहिते. सगळीकडे वाटून झालं की उरलेला जून, वाकडा, किडका माल त्यांच्या पिशवीत टाकायची पद्धत आपल्याकडे फार आहे. तू तसं करू नको. त्यांना द्यायचं तर पहिल्या तोडीतलं दे, आणि काय हवं ते विचारून दे. त्यांच्या घरात माणसं जास्त असतात, मोठं कोहळं त्यांना खरोखर कामी येतं. इतरांकडे कोहळं देताना मात्र कापूनच दे. अख्खं कोहळं महिनाभर सुखाने टिकतं, चिरलं की दोनतीन दिवसांत बुळबुळीत होतं, म्हणून ज्या दिवशी कापशील त्याच दिवशी चार घरी गेलं पाहिजे.

ले-आउटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कोणाला हवंय?’ असा फोटो टाकायचं माझ्या मनाला पटत नाही. एकतर कोणीच बोलत नाही, नाहीतर दोन दोडक्यांसाठी अकरा जण अंगठा दाखवतात आणि तुला दहा जणांची नाराजी पदरात घ्यावी लागते. गेटजवळ टोपली ठेवायची तुझी कल्पना त्यापेक्षा बरी. ज्याला हवं तो नेईल, नको त्याला तोंड चुकवायला नको. फक्त ती तोड झाली की लगेच ठेव, दोन तासांच्या आत उचल, आणि उंचावर ठेव, नाहीतर माणसांच्या आधी गाय येईल.

एवढं करूनही उरेलच. गवार आणि कारल्याच्या चकत्या मीठ लावून वाळव, नागपूरचं ऊन फुकट आहे, दोन दिवसांत खडखडीत होतात. गिलकं वेलावरच सुकू दिलंस तर आत अंघोळीची घासणी तयार मिळते. पुढच्या वर्षी लौकीचा एकच वेल ठेव, आणि भेंडीचं बी एकदम न टोचता पंधरा पंधरा दिवसांनी थोडं थोडं टोच.

आता त्या वहिनींकडे जा. कचऱ्याचा विषय काढायचा नाही. ‘वहिनी, भाजी फार निघतेय, तुमच्याकडे काय खातात आणि काय नाही?’ एवढंच विचार. आणि ‘नको’ म्हणाल्या तर ‘बरं’ म्हणून वळायचं, ‘अहो घ्या हो, घरचंच आहे’ असा आग्रह करायचा नाही.

मलाही विचारलं आहेस म्हणून लिहिते: लौकी नको, गिलकं तर अजिबात नको, तुझ्या काकांना ते बघूनच कसंतरी होतं. बरबटी कोवळी असेल तर शनिवारी महालात आमच्या घरी येताना पावभर घेऊन ये.

तुझी,
काकू